आतून लावायचा स्टिकर

या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात 500 रुपये जास्त. कारण: ‘विनास्टिकर वाहन’.

वाहन म्हणजे बुगाटी टाइप 35, जुनी फ्रेंच शर्यतीची गाडी. खरी नव्हे. खरी लिलावात ज्या भावाला जाते, त्यात घोडबंदर रोडला आमच्या बिल्डिंगचा अख्खा मजला येईल. माझी वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये, भंगारात निघालेल्या ओम्नीतून उभी राहिली. ओम्नीच का, तर तिची ताकद मागच्या चाकांना जाते. मारुती 800 मध्ये इंजिन तेच, 796 सीसीचं, पण ओढणार पुढची चाकं. मूळ बुगाटीला आठ सिलिंडर, माझीला तीन. उरलेल्या पाचांचा आवाज मी तोंडाने काढत नाही, एवढा संयम आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत मनमानी फेरफार करू नका सांगणारं, मला पाठ आहे. ओम्नीचं आरसी खिशात घालून बुगाटी रस्त्यावर फिरवता येत नाही. फिरवतही नाही. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात एक फेरी, तीही पोरांचं क्रिकेट नसेल तर.

बिल घेऊन सेक्रेटरींना गाठलं. काका फाइल आणि मेजरटेप घेऊनच खाली आले.

“स्टिकर लावा, दंड पुढच्या महिन्यापासून बंद.”

“द्या की मग.”

“देतो. पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, आतून लावायचा.”

“काका, हिला काच नाही.”

त्यांनी वाकून पाहिलं. मग काच खाली सरकवलेली असावी अशा आशेने बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवलं.

“बसवून घ्या.”

“ही 1924 ची शर्यतीची गाडी आहे. चालवणारे गॉगल घालायचे.”

काका विचारात पडले. नियमात बसवायची त्यांची खरोखर इच्छा होती, हे मला मान्य करावं लागेल.

“मग गॉगलला लावा,” ते म्हणाले. “पण आतून.”

यानंतर त्यांनी टेप उलगडली. बुगाटीची शेपटी निमुळती असते, पेट्रोलची टाकी तिच्यातच. ती पिवळ्या पट्ट्याच्या चार बोटं बाहेर होती.

“एवढं कापता येईल?”

“टाकी आहे त्यात.”

“थोडं पेट्रोल कमी बसेल. नाहीतरी कुठे जाताय?”

मग पुढे येऊन रेडिएटरकडे बघत राहिले. बुगाटीचा रेडिएटर घोड्याच्या नालेच्या आकाराचा. “हे बरं केलंत,” म्हणाले, “नजर लागत नाही.” फाइलमध्ये ‘चारचाकी’ खोडून ‘इतर’ लिहिलं. ‘इतर’मध्ये आमच्याकडे आजवर फक्त डेकोरेटरची हातगाडी होती.

लोकांना या गाडीतलं काय कळावं, अशी माझी अपेक्षाच नाही. तिची चाकं ॲल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. 1924 साली हे डोकं लढवलेलं! ओतकाम करणाऱ्याला पॅटर्न दाखवला तर त्याने विचारलं, “केवढ्या कूलरचा पंखा?” पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, पोकळ, आणि स्प्रिंगा त्याच्या आरपार गेलेल्या. तो मला जमलेला नाही. मी साधी नळी वाकवून वर दोन खोट्या चौकटी वेल्ड केल्यात आणि ओळखणारा माणूस ठाण्यात भेटेपर्यंत त्या तशाच राहतील. बाकी फ्रान्समधल्या लियॉनला, या मॉडेलच्या पहिल्याच ग्रांप्रीत, खुद्द बुगाटींच्या गाड्यांनाही टायरांनी दगा दिला होता. पण तिथे कुणी स्टिकर मागितल्याचं वाचनात नाही. पुढे 1925 ते 29 दरवर्षी तार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली शर्यत याच गाड्यांनी मारली.

मला राग 500 रुपयांचा नाही. म्हणजे आहेच, पण त्याहून जास्त राग शेजारच्या सँट्रोचा आहे. काकांची सँट्रो. चारही टायर जमिनीला चिकटलेले, कव्हर फाटून आत मांजरीची बाळंतपणं झालेली. मुलगा अमेरिकेहून आला की विकू, म्हणतात. मुलगा येऊन, वडापाव खाऊन परतही गेला. तिला दंड नाही, कारण तिला काच आहे आणि काचेवर, डाव्या कोपऱ्यात, आतून, चालू वर्षाचा स्टिकर आहे. जी गाडी सुरू होते ती ‘इतर’, आणि जिच्यात आता फक्त मांजरं ये-जा करतात ती अधिकृत वाहन. हे मी लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही. वॉचमन तेवढा म्हणाला, “साहेब, तुम्ही पण कव्हर घाला, कोण बघतंय?”

काल रात्री काकांचा फोन. भाचीचा साखरपुडा क्लबहाऊसमध्ये आहे.

“ती तुमची गाडी जरा बागेपाशी आणाल का, फोटोपुरती? दोघं आत बसतील. मागच्या त्या शेपटीवर नावं लिहायला छान जागा आहे.”

म्हटलं, “आणतो. आधी दंड रद्द करा.”

“ते माझ्या हातात कुठंय,” काका म्हणाले, “जनरल बॉडीत ठेवावं लागेल. फुलं मात्र तुम्हीच आणा, तुम्हाला गाडीचं माप माहीत आहे.”