पश्याची फ्लॅट कंपनी आणि दोन ढोलपथकं

रविवारी रात्री कट्ट्यावर विषय निघाला तो ॲमेझॉनच्या त्या मॅनेजर कमी करायच्या भानगडीवरून, आणि पश्याला तेवढं निमित्त पुरलं. हा हिंजवडीला आयटीत, कपाळावर पॅकेज लिहिल्यासारखा बोलतो. "हायरार्की मेली रे आता. आमच्याकडे एकदम फ्लॅट, साहेबांची उतरंडच नाही, सीईओला पण मी नावाने हाक मारतो."

मंद्याने कटिंग खाली ठेवला. "हाक मार की. सुट्टी कोण मंजूर करतं?"

"म्हणजे बघ, एक सॉलिड लाइन असते, म्हणजे मेन बॉस, एक डॉटेड लाइन, म्हणजे कामापुरता दुसरा बॉस..."

"दोन दोन सासवा, आणि म्हणे सासुरवास नाही."

मग पश्याने ॲमेझॉनवाल्या बेझोसच्या दोन पिझ्झ्यांचं काढलं, की दोन पिझ्झ्यांत भागेल एवढीच माणसं टीममध्ये हवीत. बाळ्या म्हणाला, म्हणजे तुझ्या टीममध्ये तू एकटाच.

मंद्या चाकणला नाइट शिफ्टला असतो, त्यामुळे तो पुस्तकातलं बोलत नाही. परवा रात्री दोनला प्रेस मशीन बंद पडली, मेन्टेनन्सवाला वीस फुटांवर उभा, ह्याला तो दिसतोय त्याला हा दिसतोय, पण हात लावणार नाही कारण ब्रेकडाउन स्लिपवर त्याच्या इंजिनिअरची सही नाही आणि इंजिनिअर दुसऱ्या शेडमध्ये. वर प्रेस नक्की किती वाजता बंद पडली यावरच अर्धा तास वाद, कारण मंद्याच्या लोकांना नग भरायचेत आणि मेन्टेनन्सवाल्यांना बंदचे तास कमी दाखवायचेत. "टोयोटात लाइनवरचा साधा पोरगा दोरी ओढतो, लीडर धावत येतो, तेवढ्यात नाही सुटलं तर लाइन थांबते. त्याच्या डोक्यावर साहेब काय कमी आहेत? पण दोरी त्याच्या हाताला येते ना!"

"ते शॉपफ्लोअर झालं, नॉलेज वर्क वेगळं असतं," इति पश्या. (हे तो दर वेळी म्हणतो, हरायला लागला की.)

"तू अध्यक्ष होतास तेव्हा आपलं मंडळ पण फ्लॅटच होतं," बाळ्याने जुनं उकरलं. अकरा जण, अकराही कार्याध्यक्ष, कोणी कोणाला विचारायचं नाही, आणि विसर्जनाला चौकात समोरासमोर दोन ढोलपथकं, दोघांनाही ॲडव्हान्स दिलेला, एकमेकांवर कुरघोडी करत वाजवतायत आणि मधे दीड तास बाप्पा अडकलेला. मंद्या हसता हसता कट्ट्यावरून घसरला.

पश्या अजून म्हणतो, दुसरं पथक मी ठरवलंच नव्हतं.

मग पहिलं तरी कोणी ठरवलं, यावरून परत जुंपली.