आधी पैसा, मग स्क्रिप्ट? अहो, हे पूर्ण उलटं आहे

पहिली शॉर्ट फिल्म करायला निघालेल्या प्रत्येकाला हल्ली एक मेसेज फॉरवर्ड होतोय. मलाच महिन्याभरात चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी तो वाचून लिहिणंच थांबवलंय, म्हणून हे लिहायला बसलेय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पैसे हातात आल्याशिवाय स्क्रिप्ट लिहू नका, वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा छोट्या फिल्मला कोणी विचारत नाही, ग्रँट म्हणजे फिल्मसाठीचं अनुदान ओळखीवाल्यांनाच मिळतं, लोकांकडून पैसे गोळा करणं म्हणजे भीक मागणं, युनिट म्हणजे शूटिंगला लागणारी माणसं फुकटात मिळतात कारण त्यांना अनुभव हवा असतो, आणि जो काय पैसा असेल तो कॅमेऱ्यावर घाला.

पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. पैसे आल्यावर लिहायचं म्हणता, पण मागणार कशाच्या जोरावर? जो कोणी पैसे देणार, मग तो निर्माता असो, एखादी संस्था असो नाहीतर तुमचा मामा असो, तो तीनच गोष्टी विचारतो, गोष्ट काय आहे, किती दिवस लागतील आणि किती खर्च येईल, आणि या तिन्हीची उत्तरं स्क्रिप्टमध्येच असतात, दुसरीकडे कुठेच नसतात. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये लिहिलेलं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. ब्रेकडाउन करताना, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागेल याची यादी काढताना, तर त्या पानाचेही आठ भाग पाडतात, म्हणजे हा सीन तीन अष्टमांश, तो सीन दीड पान, आणि प्रत्येक सीनपुढे लोकेशन, दिवस की रात्र, कलाकार किती, वस्तू कोणत्या हे लिहीत जातात. हे केलं की खर्चाचा आकडा आपोआप समोर येतो. हे न करता सांगितलेला कुठलाही आकडा अंदाजपंचे असतो आणि समोरच्याला ते दोन मिनिटांत कळतं.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये शेवटचा सीन असा होता: "बाहेर. बस स्टॉप. रात्र. मुसळधार पाऊस. बस येते, दार उघडतं, मुलगी चढत नाही, बस निघून जाते." दीड-दोन ओळी फक्त. ब्रेकडाउन करायला बसले तेव्हा त्या दोन ओळींत पावसाचा टँकर होता, रात्रीचे लाइट्स होते, जनरेटर होता, भाड्याची बस आणि ड्रायव्हर होता, रस्त्याची परवानगी होती, आणि बाकीच्या सगळ्या फिल्मपेक्षा त्या एका रात्रीचा खर्च जास्त होता. दोन आठवडे मी नुसती त्या पैशाच्या मागे फिरले. मग एका रात्री तो सीन काढून टाकला आणि असा लिहिला: "आत. घर. रात्र. मुलगी दारात उभी, बॅगेतून पाणी ठिबकतंय. आई काही विचारत नाही. मुलीच्या खिशातून भिजलेलं तिकीट काढते, हलक्या हाताने उलगडते आणि पंख्याखाली वहीवर वाळत ठेवते."

दोन कलाकार, एक खोली, बादलीभर पाणी. पण खर्च वाचला ही त्यातली छोटी गोष्ट आहे. ते तिकीट आईच्या हातात गेलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मुलगी घर सोडून जाणार होती हे आईला माहीत होतं, आणि मग मागे जाऊन आईचे सगळे सीन परत लिहावे लागले, कारण तोवर ती फिल्ममध्ये नुसती ये-जा करत होती. म्हणून मी म्हणते की लिहिणं आणि पैसे शोधणं ही दोन वेगळी कामं नाहीत, पैशाचं पहिलं गणित कागदावरच, लिहितानाच सुटतं आणि बरेचदा गोष्टही त्याच वेळी सुटते.

आणि पैसे नसताना लिहिलेलं वाया जातं असंही नाही. अमेरिकन दिग्दर्शक डेमियन शझेलकडे 'व्हिपलॅश'च्या मोठ्या सिनेमाची स्क्रिप्ट तयार होती, पैसा उभा राहत नव्हता, तेव्हा त्यातलाच एक तुकडा घेऊन शॉर्ट फिल्म केली, तिला २०१३ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी पूर्ण सिनेमा तिथे दाखवला गेला. स्क्रिप्टच नसती तर तुकडा कशाचा काढला असता?

आता लांबी. कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत मर्यादा आहे १५ मिनिटांची, श्रेयनामावली धरून. ऑस्करला ४० मिनिटांपर्यंत चालते, पण ती वरची मर्यादा आहे, तेवढी भरलीच पाहिजे असं कोणी म्हटलेलं नाही. फिल्म निवडणाऱ्याच्या जागी बसून बघा ना, त्याच्याकडे दीड तासाचा एक स्लॉट असतो, त्यात तुमची पंचवीस मिनिटांची फिल्म घ्यायची तर दोन-तीन छोट्या फिल्म बाहेर ठेवाव्या लागतात, आणि ते करायला तुमची फिल्म तेवढी भारी असावी लागते. पहिल्या प्रयत्नात एवढं ओझं कशाला घ्यायचं? स्वीडिश दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्गची 'लाइट्स आउट' २०१३ सालची, तीन मिनिटांपेक्षाही छोटी, स्वतःच्याच घरात शूट केलेली, पडद्यावर त्याची बायको, आणि त्यावरून २०१६ मध्ये मोठा सिनेमा निघाला. असं प्रत्येकाचं होत नाही, पण छोटीला कोणी विचारत नाही हे सरळ खोटं आहे.

शिवाय नीट लाइट करून, रिहर्सल करून शूट केलं तर दिवसाला चार-पाच पानं होतात. बारा पानांची सात केली की एक अख्खा दिवस वाचतो, म्हणजे एका दिवसाचं भाडं, जेवण, प्रवास सगळंच. एक करून बघा, स्क्रिप्टचं पहिलं पान झाकून दुसऱ्यापासून वाचा. बहुतेक वेळा काहीच अडत नाही.

ग्रँट ओळखीवर मिळते म्हणे. काही ठिकाणी चालत असेल, मी नाही म्हणणार नाही. पण एका छोट्या फंडासाठी मी दोन वर्षं अर्ज वाचलेत आणि ढिगातले कितीतरी अर्ज ओळखीच्या प्रश्नापर्यंत पोचतच नव्हते. नियम न वाचता पाठवलेले, म्हणजे दहा मिनिटांची अट असताना तीस पानांची स्क्रिप्ट. स्क्रिप्टमध्ये दोन माणसं आणि एक खोली, बजेटमध्ये मात्र ड्रोन. आणि 'इतर खर्च' असं लिहून एक भला मोठा गोल आकडा. अचानक येणाऱ्या खर्चासाठी दहा टक्के बाजूला ठेवणं सगळ्यांना मान्य असतं, पण तीस टक्क्यांना 'इतर' म्हटलं की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. दिग्दर्शकाचं मनोगत तर बहुतेकांचं एकच असतं, मला लहानपणापासून सिनेमाची आवड आहे. अहो, सगळ्यांनाच आहे! त्या ढिगात एका मुलीचा अर्ज होता, तिचं पहिलं वाक्य असं काहीतरी होतं की आजोबांना ऐकू येत नव्हतं म्हणून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, त्यामुळे माझ्या फिल्ममध्ये कोणीच हळू बोलत नाही. तिला आमच्यापैकी कोणीही ओळखत नव्हतं. फंड तिला मिळाला.

भीक या शब्दाचा मला खरंच राग येतो. भीक मागणारा बदल्यात काही देत नाही, तुम्ही तयार फिल्म देताय, नावानिशी श्रेय देताय, पहिल्या शोला बोलावताय. फक्त हिशोब आधी करा. किकस्टार्टर ही लोकांकडून पैसे गोळा करायची वेबसाइट २००९ पासून आहे आणि तिथे ठरवलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे मिळतात, नाहीतर काहीच नाही, वर त्यांचे पाच टक्के आणि पेमेंटचा खर्च वेगळा कापला जातो, आणि प्रत्येक देशातून तिथे पैसे मागताही येत नाहीत. कुठलाही प्लॅटफॉर्म घ्या, नियम हेच आधी बघायचे: रक्कम अर्धवट राहिली तर काय, कापतात किती, पैसे कधी हातात येतात. आणि अनोळखी लोक धावून येतील या भरवशावर सुरू करू नका, पहिला पैसा ओळखीच्यांकडूनच येतो. नावांची यादी करा, एकेकाला वेगळा मेसेज लिहा, सगळ्यांना एकच ढकललेला मेसेज कोणी वाचत नाही. टीशर्ट, कॉफीचे मग असलं काही कबूल करू नका, ते छापण्यात आणि पाठवण्यातच पैसे जातात. आणि नफ्यात वाटा देतो असं तर चुकूनही सांगू नका, पहिल्या शॉर्ट फिल्मला नफा होणं दुर्मिळ असतं आणि ते तुम्हालाही माहीत असतं.

युनिट फुकटात येतं यावर माझं स्वतःचं शूट अडलेलं आहे. आमचा साउंड रेकॉर्डिस्ट अनुभवासाठी म्हणून आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पैशाचं काम मिळालं आणि तो गेला. त्याचं काय चुकलं? घरभाडं अनुभवातून भरता येत नाही. चूक माझी होती, मी त्याच्याशी लिखित काही केलं नव्हतं, किती तास, किती मानधन, कधी देणार, काहीच नाही. थोडं द्या पण ठरवून द्या, आणि एकाच कामाला एकाला पैसे आणि दुसऱ्याला नुसते आभार असं करू नका, सेटवर ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. वेळेवर चांगलं जेवण, घरी सोडायची सोय आणि ठरल्या वेळी पॅकअप, या तीन गोष्टी बजेटमध्ये सगळ्यात वर लिहा.

राहिला कॅमेरा. फोनवर शूट केलेली फिल्म लोक शेवटपर्यंत बघतात, संवाद कळत नसलेली फिल्म मिनिटभरात बंद करतात. तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी साउंडवाल्याचे पैसे बाजूला काढा, आणि शूटिंगनंतरच्या कामाचे त्याच्याही आधी, म्हणजे एडिट, साउंड मिक्स, कलर, सबटायटल्स, महोत्सवांच्या प्रवेश फी. गाणं वापरायचं असेल तर हक्क दोन वेगळे घ्यावे लागतात, एक रचनेचा आणि एक त्या रेकॉर्डिंगचा, आणि ओळखीचं गाणं असेल तर तो खर्च परवडत नाही. मी शेवटच्या सीनवर असंच एक गाणं धरून ठेवलं होतं, ते काढावं लागलं. तो सीन रेकॉर्डिस्ट निघून गेला त्याच दिवशी शूट झालेला, त्यामुळे त्याला आवाजच नव्हता. मग सगळे झोपल्यावर रात्री दोन वाजता त्याच खोलीत बसून मी पंख्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला, आणि आता तिकीट वाळत असताना तेवढाच ऐकू येतो.