ठोके मोजून मिळत नाहीत, काका

'साठी ओलांडलेल्यांनी जरूर वाचा' अशी सुरुवात आणि 'दहा जणांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल' असा शेवट असलेला एक मेसेज परत फिरायला लागलाय. ठाण्यात तलावपाळीवर सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपवरून तो भजनी मंडळात गेला, तिथून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि तिथून माझ्या पेशंटांच्या फोनमध्ये. मी फिजिओथेरपिस्ट. नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी या भागात घरी जाऊन व्यायाम घेते. बहुतेक जण सत्तरीपुढचे. गेल्या आठवड्यात दोन घरांत दारातच ऐकलं, "आता व्यायाम थांबवूया म्हणतो, ताई." दोघांच्याही फोनवर तोच मेसेज. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते. हृदयाचे ठोके जन्मताच मोजून मिळतात. धाप लागेल असं काही केलं की ते लवकर संपतात. कासव सावकाश चालतं म्हणून शंभरी पार करतं. अटॅक येऊन गेला असेल तर आराम हाच उपचार, आणि वजन म्हणून उचलायचं नाही. म्हातारपणी वजन उतरणं, हातापायांतलं बळ जाणं नैसर्गिकच. उलट हृदयाचा भार हलका होतो. बीपी वयाप्रमाणे वाढणारच, 'शंभर अधिक वय' इतकं चालतं, गोळ्या हा कंपन्यांचा धंदा. रात्री मऊ भात आणि पातळ कढी, बस्स. खाली एका डॉक्टरांचं नाव, ज्यांचा दवाखाना कुठे आहे हे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

ठोक्यांपासून सुरू करते, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर धडधडतं आणि तो दोन-तीन वर्षांत संपतो. हत्तीचं तीसेक वेळा, आणि तो साठ-सत्तर वर्षं काढतो. सस्तन प्राण्यांचा असा हिशेब केला तर आयुष्यभराचे ठोके ढोबळमानाने शंभर कोटींच्या आसपास येतात. पण हा एका जातीच्या प्राण्याची दुसऱ्या जातीशी केलेली तुलना आहे. तलावपाळीवर चालणाऱ्या काकांची आणि बाकावर बसलेल्या काकांची नाही. शिवाय माणूस त्यात बसतच नाही. मिनिटाला ७२ धरले तरी सत्तर वर्षांत २६५ कोटी होतात. शंभर कोटींचा कोटा असता तर आपण सगळे सत्ताविशीच्या आतच आटोपलो असतो.

पाचपाखाडीचे एक काका निवृत्त बँकवाले. त्यांना म्हटलं, मेसेज घटकाभर खरा धरू आणि हिशेब करू. त्यांनीच तो लाइट बिलाच्या पाठीमागे मांडला. बसल्याजागी नाडी ७६. रोज पाऊण तास भराभर चालले तर तेवढा वेळ ती १०६ होते. म्हणजे ३० जादा गुणिले ४५, १,३५० ठोके खर्ची. काही महिने नेमाने चालल्यावर हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि बसल्याजागची नाडी उतरते. फार नको, चारच धरू. दिवसाची उरलेली १,३९५ मिनिटं गुणिले ४, म्हणजे ५,५८० जमा. काकांनी खाली दुहेरी रेघ मारली: रोजची शिल्लक ४,२३०. मग चष्मा काढून म्हणाले, "हे तर आरडी खातं झालं." (नाडी हळू करणारी गोळी चालू असेल तर मात्र हा खेळ खेळू नका, आकडे फसवतात. चालताना वाक्य पुरं बोलता येतंय ना, गाणं मात्र म्हणता येत नाहीये, इतका जोर पुरे.)

कासवाबद्दल एवढंच म्हणेन की त्याला बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहावं लागत नाही.

'आराम हाच उपचार' हे मात्र कुणी हवेतून काढलेलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरच अटॅकच्या पेशंटला चार-चार, सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. १९५२ मध्ये बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा पेशंटांना उचलून नुसतं खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तर तेव्हा तेसुद्धा धाडस वाटलं होतं. पुढच्याच वर्षी लंडनच्या जेरी मॉरिस यांचं बसवाल्यांवरचं काम छापून आलं. तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करत. हृदयविकार कंडक्टरांना कमी. आता यात कोण आधीपासून सडपातळ होतं वगैरे शंका निघाल्या, त्या रास्तही होत्या. पण 'हलतं हृदय झिजतं' ही समजूत तेव्हापासून खिळखिळी झाली, ती झालीच.

आणि आरामाची किंमत? १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं. त्यांची जोराच्या कामात दम टिकवण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी, पन्नाशी गाठलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं. हे विशीतल्यांचं. २००७ च्या एका अभ्यासात साठीपुढच्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर प्रत्येकाच्या पायांतून सरासरी जवळजवळ किलोभर मांस गेलं. दहा दिवसांत. आपल्याकडे अँजिओप्लास्टी झाल्यावर घरचे माणसाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत, तेही दोन-दोन महिने. मग काका बेसिनला धरून कमोडवरून उठायला लागतात आणि सगळे म्हणतात, हार्टच्या दुखण्याने अगदी खचले हो. दुखण्याने थोडे, आणि प्रेमाने बरेच.

२०२१ मध्ये अमेरिकेत ३४९ जणांवर चाचणी झाली. सगळे साठीपुढचे, हृदय कमजोर होऊन हॉस्पिटलात भरती झालेले. त्यांतल्या निम्म्यांना हॉस्पिटलातच ताकद, तोल, चालणं आणि दम यांचे व्यायाम सुरू केले आणि घरी गेल्यावर चालू ठेवले. तीन महिन्यांनी उठण्या-चालण्यात ते दुसऱ्या गटाच्या स्पष्ट पुढे होते. परत भरती व्हायचं प्रमाण मात्र फारसं बदललं नाही, तेही सांगून टाकते.

वजन उचलण्याचं भय तर मला रोज भेटतं. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना घेतलं आणि आठ आठवडे पायांना चांगला जोरकस वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! अर्थात श्वास कोंडून, दात-ओठ खात उचलायचं नाही; उचलताना श्वास सोडायचा. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत डॉक्टर सांगतील तितकेच दिवस थांबायचं. छातीत दुखतंय, बसल्याबसल्या धाप लागतेय, पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर आधी डॉक्टर, मग मी.

आता मेसेजमधलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य: वजन उतरणं आणि बळ जाणं नैसर्गिकच. मराठीत आपण 'आई म्हातारी झाली' असं सहसा म्हणत नाही, 'आई आता थकली' म्हणतो. मायेचा शब्द आहे, पण त्याच्या आड एक दुखणं बिनबोभाट वाढतं. डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये त्याच्या पाच खुणा मांडल्या: न ठरवता वर्षभरात साडेचार किलोच्या वर वजन उतरणं, सतत शीण, हाताची पकड सैल, चाल मंद, आणि हालचाल कमी. तीन असल्या तर फ्रेल्टी, एक-दोन असल्या तर तिच्या उंबरठ्यावर. गंमत म्हणजे या खुणा निघाल्या त्या ६५ पुढच्या माणसांच्या हृदयविकाराच्या अभ्यासातून, पाच हजारांहून जास्त जणांच्या नोंदींवरून. त्यांत फ्रेल्टी होती सात टक्क्यांच्या आतच. म्हणजे वयाबरोबर ती सगळ्यांना येतेच असं नाही. हृदय आणि स्नायू एकमेकांना ओढत खाली नेतात: हृदय कमजोर झालं की माणूस बसतो, बसला की मांस झडतं, मांस झडलं की तेवढ्याच जिन्याला हृदयाला जास्त राबावं लागतं. 'भार हलका' होतो कुठे?

माझ्या पिशवीत पकड मोजायचं यंत्र असतं, मूठ आवळली की किलोत आकडा दाखवणारं. घंटाळीच्या एका काकूंच्या बांगड्या मनगटावरून पार कोपराकडे सरकत होत्या. वजन तपासलंत का विचारलं तर सून म्हणाली, "छान बारीक झाल्यात की, शुगरलाही बरं." काकूंनी यंत्र दाबलं: ११. आशियाई बायकांसाठी १८ च्या खाली गेलं की कमी धरतात, पुरुषांसाठी २८ च्या खाली. मग त्यांनीच हळूच सांगितलं की कुकरचं झाकण वर्षभर शेजारची मुलगी लावून देते. सुनेला हे माहीत नव्हतं. भारतासह १७ देशांतल्या जवळजवळ एक लाख चाळीस हजार लोकांची पकड अशी मोजून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे कोण दगावेल हे बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीने जास्त चांगलं सांगितलं. मुंबईत देवनारला जी लोकसंख्या संस्था आहे, तिच्या देशभरच्या वार्धक्य पाहणीतही ४५ पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर जण होते, आणि तिच्यात बीपीबरोबर पकड मोजण्याची सोय होती. आपल्या नेहमीच्या चेकअपमध्ये मात्र ती कुणी मोजत नाही.

'शंभर अधिक वय' म्हणजे ८२ वर्षांच्या माणसाला १८२. हे धोकादायक आहे, इथे मी थट्टा करणार नाही. ८० पुढच्या ३,८४५ जणांवरची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. वरचं बीपी १६० किंवा जास्त असलेल्यांना गोळ्या देऊन १५० पर्यंत आणायचं होतं. मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय कमजोर होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं, इतकं की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मेसेजवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मी मान्य करते: म्हाताऱ्या माणसाला उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडे बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मऊ भात आणि कढीबद्दल फार लिहीत नाही. वयस्कांना वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ धरतात. ५५ किलोच्या काकूंना ५५ ग्रॅम तरी. कढीच्या वाटीने ते कसे भरायचे? डाळ, उसळ, दही, पनीर, अंडं, मासे, जे घरात चालतं ते दोन्ही वेळेला. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

त्या बँकवाल्या काकांना मी एकच काम दिलंय. जेवणाच्या खुर्चीतून हात छातीशी बांधून उठायचं, बसायचं, जमेल तितक्या वेळा, आणि आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा. पहिल्या दिवशी ४ होता. परवा गेले तेव्हा ९ लिहून खोडलेला, शेजारी ८, आणि त्याखाली पेन्सिलने बारीक अक्षरात: 'नववा हात टेकून. धरू नये.'