'होलसेलमध्ये घ्या, ८० टक्के वाचवा' या मेसेजला एका स्टोअरवाल्याचं उत्तर

सध्या यवतमाळ-वर्धा भागातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला आहे. थोडक्यात असा: वॉर्डात लागणारं सामान, म्हणजे सलाईन, आयव्ही सेट (सलाईन लावायची नळी), सिरिंज, ग्लोव्ह्ज, कापूस, गॉज (जखमेवर लावायचं जाळीदार कापड), होलसेलमध्ये मातीमोल भावात मिळतं. हॉस्पिटलवाले मुद्दाम महाग घेतात कारण मधात कमिशन आहे. माल सगळा एकाच कारखान्यातला, फक्त लेबल वेगळं. ऑनलाईन होलसेल साईटवरून थेट मागवला तर वॉर्डाचा खर्च ८० टक्के कमी होतो, आणि वर्षभराचा एकदाच उचलला तर आणखी स्वस्त. खाली आयव्ही सेटच्या पाकिटाचा फोटो, एमआरपीवर लाल गोल, बाजूला साईटचा रेट. शेवटी नेहमीचं 'जागे व्हा'.

मी एका तालुक्याच्या गावात ट्रस्टच्या छोट्या दवाखान्याचं स्टोअर पाहतो, वॉर्डातून सिस्टरचं इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, आली की माल काढून द्यायचा आणि संपायच्या आत नवा आणायचा हेच माझं काम. त्यामुळे मेसेज दहा जणांनी मलाच पाठवला, 'काहो, खरं आहे का?' म्हणून. घ्या तर मग.

पहिले त्या लाल गोलाबद्दल. फोटो खरा आहे राजेहो, खोटा नाही. दहा-पंधरा रुपयांत येणाऱ्या आयव्ही सेटवर शंभर-दीडशे एमआरपी छापलेली असते हे या धंद्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. सलाईनच्या बाटलीला सरकारनं, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीए या संस्थेनं, कमाल किंमत बांधून दिली आहे, पण सेट, सिरिंज, कॅन्युला (शिरेत लावून ठेवायची सुई) यांना तशी बांधलेली किंमत नाही, वर्षाला एमआरपी १० टक्क्यांवर वाढवायची नाही एवढंच बंधन, आणि सुरुवातीलाच दहापट छापली असेल तर त्या बंधनाचा काय उपयोग. एनपीपीएनंच २०१८ मध्ये दिल्लीकडच्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली होती तेव्हा काही वस्तूंवर खरेदीच्या वर १७०० टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं होतं. म्हणजे पेशंटच्या बिलात लूट होते हे मान्य, शंभर टक्के मान्य.

पण त्यातून मेसेजवाल्यानं काढलं काय, तर हॉस्पिटल महाग घेते. अरे भाऊ, हॉस्पिटल महाग घेत नाही, महाग लावते. एमआरपी आणि खरेदीचा रेट या दोन गोष्टींत त्यानं घोळ करून ठेवला आहे. लाल गोलातला आकडा कोणत्याच हॉस्पिटलचा खरेदी रेट नाही, आमच्यासारख्या लहान्याचाही नाही. नागपूरला गंजीपेठेतल्या दवा बाजारात जा, नाही तर आमच्या जिल्ह्याच्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे औषधाच्या घाऊक विक्रेत्याकडे, बसा, तो सेट त्याच दहा-पंधराच्या घरात आहे. साईटवर एखादा रुपया कमी दिसेल, त्यात भाडं जोडा, संपला फरक.

आता ते ८० टक्के. बारा रुपयाच्या सेटवर ८० टक्के वाचवायचे म्हटले तर तो दोन रुपये चाळीस पैशात आला पाहिजे. या भावात बिनविषारी प्लास्टिकची नळी, चेंबर, सुई, इथिलिन ऑक्साइडनं केलेलं निर्जंतुकीकरण आणि सीलबंद पाकीट कोणी देत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका, पळा तिथून. आणि वॉर्डाचा खर्च म्हणजे काय फक्त हे सामान? पगार, वीज, ऑक्सिजन, लॉन्ड्री, कचऱ्याचं बिल हे कोणत्या साईटवर होलसेलमध्ये मिळतं ते मला कळवा.

'माल सगळा सारखाच, लेबल वेगळं' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्ध्यातच माणूस फसतो. जेनेरिक औषध ब्रँडेडइतकंच चालतं, बरोबर, आम्हीही जेनेरिकच घेतो. एकाच कारखान्यात चार कंपन्यांचा माल बनतो हेही खरं. पण म्हणून बाजारातला सगळा माल सारखा नाही होत. कापसाचंच पाहा, आपण कापूस पिकवणारी माणसं, आपल्याला तरी कळायला पाहिजे. वॉर्डात लागतो तो शोषक कापूस, त्यातलं तेल-मेण पूर्ण काढलेलं असायला लागतं. चिमूटभर कापूस पाण्याच्या ग्लासात टाका, चांगला असेल तर फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथाच्या, हिशोबानं १० सेकंदाच्या आत बुडतो. स्वस्तातला रोल मी टाकून पाहिला आहे, होडीसारखा तरंगत राहतो, सिस्टर बिचारी जखमेवर तो दाबत बसते अन् रक्त बाजूनं ओघळून राहतं. मग एका ड्रेसिंगला जिथे एक बोळा लागायचा तिथे तीन लागतात, वाचवलेले पैसे तिथेच गेले. वजनाचंही तसंच, रोलवर ५०० ग्रॅम छापलेलं असतं, काट्यावर ठेवला की निळ्या कागदासकट ५००. गॉजच्या थानाचं तर विचारूच नका, लांबी कमी, पन्हा कमी, आणि विण इतकी विरळ की हात आरपार दिसतो. मीटरचा भाव स्वस्त पडतो पण चार पदरी लावायचं ते आठ पदरी लावावं लागतं.

आयव्ही सेटचं थेंब कमी-जास्त करायचं चाक हा आणखी एक प्रकार. सेट लावला, सिस्टरनं मिनिटाला चाळीस थेंब सेट केले, ती पुढच्या बेडवर गेली की हलक्या सेटचं चाक आपोआप ढिलं पडतं आणि चार तासाची बाटली तासाभरात रिकामी. तरण्याताठ्या माणसाला चालून जातं, पण म्हातारं माणूस, हार्टचा पेशंट, लहान लेकरू असेल तर छातीत पाणी भरायला वेळ लागत नाही. हे साईटवरच्या फोटोत दिसत नाही, ते वॉर्डातली सिस्टरच सांगते, म्हणून नवीन माल घ्यायचा तर आमच्याकडे आधी थोडाच आणतो आणि इन्चार्ज सिस्टरच्या हातात देतो. ती 'नको' म्हणाली की विषय बंद.

आणि 'लेबल वेगळं' म्हणणाऱ्यांनी कळमेश्वर विसरू नये, नागपूरच्या बाजूलाच आहे. २०२३ मध्ये तिथल्या ग्रामीण रुग्णालयातून एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचं सॅम्पल उचललं, तर तपासणीत त्यात औषधच नव्हतं. पुढे नागपूरच्या मेयो या सरकारी हॉस्पिटलमध्येही तसाच साठा सापडला. २०२४ च्या सप्टेंबरात पोलिसांचं आरोपपत्र आलं तेव्हा कळलं की हरिद्वारच्या जनावरांच्या औषधाच्या लॅबमध्ये टॅल्कम पावडर आणि स्टार्चच्या गोळ्या पाडल्या जात होत्या. लोकं अँटिबायोटिक म्हणून पावडर खात होते. आता कोणी म्हणेल, ते तर सरकारी टेंडरमधून आलं होतं, बिलासकट. हो ना, तेच तर सांगून राहिलो. बिल असून, टेंडर असून, मधले सप्लायर एकाच्या मागे एक लपल्यामुळे हे झालं, आणि तुम्ही म्हणता बिनओळखीच्या साईटवरून मागवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नाटकात बल्लारीला सिझेरियन झालेल्या बाया दगावल्या तेव्हा संशय आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनच्या मालावर गेला, आणि राज्यभर त्या कंपनीच्या बाटल्या थांबवल्या. असा माल थांबवायचा तो कशाच्या जोरावर, तर कोणत्या दवाखान्यात कोणती बॅच गेली याच्या नोंदीवर. स्टॉकिस्टच्या बिलावर प्रत्येक ओळीला बॅच आणि एक्स्पायरी असते. साईटवाल्यानं 'मेडिकल गुड्स, १ नग' असं बिल पाठवलं तर उद्या फोन आला की अमुक बॅच बाजूला काढा, मी काय काढू?

कायद्याचं फार लांबवत नाही. औषध घाऊक विकायला २०बी-२१बी लायसन्स लागतं, आणि सिरिंज-कॅन्युलासारखी उपकरणंही आता औषधाच्याच कायद्याखाली आली आहेत, ती विकणाऱ्याला औषधाचं लायसन्स नसेल तर एमडी-४२ ची नोंदणी पाहिजे. साईटवर विक्रेत्याचा हा नंबर शोधा. दिसला तर घ्या, माझी काही ना नाही.

थेट मागवायच्या बाबतीत माझी खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मुंबई-पुण्यात बसून मेसेज लिहिणाऱ्याला सुचणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बाळंतपणात रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, इन्सुलिन तसंच, रेबीजची लस तशीच. कुरियरचं पार्सल नागपूरच्या गोडाऊनमध्ये एक दिवस पडून, मग ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, मग बसस्टँडच्या टपरीवर दुपारभर. एम्प्युल तुटत नाही, रंग बदलत नाही, लेबल चकाचक राहतं, फक्त रात्री दोन वाजता एखादीचं रक्त थांबत नसताना सिस्टर एकावर एक इंजेक्शन देत राहते आणि गर्भाशय काही आकसत नाही. आमचा स्टॉकिस्ट बर्फाच्या डब्यात माल घालून स्वतःच्या पोराला मोटरसायकलवर पाठवतो, त्याचे एक-दोन रुपये जास्त लागत असतील तर लागू द्या. शिवाय उधारी आहे. ट्रस्टच्या दवाखान्यात पैसा येतो कापूस-सोयाबीन विकल्यावर, तोपर्यंत माल उधारीवर चालतो. साईटवाला आधी पैसे मागतो, नंतर माल पाठवतो.

'वर्षभराचा माल एकदाच घ्या' हा सल्ला तर शेतकऱ्याच्या पोरानं दिला नसेल हे नक्की. वॉर्डाचा खप हंगामावर चालतो. फवारणीच्या दिवसात विषबाधेचे पेशंट येतात, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, वीसच्या वर शेतकरी-मजूर फवारणीनं गेले. ऑरगॅनोफॉस्फेट या फवारणीच्या विषाच्या एका सिरियस पेशंटला त्यावरचा उतारा असलेल्या ॲट्रोपिनच्या शेकड्यानं एम्प्युल लागू शकतात. एम्प्युल काही रुपयांची, त्यात ८० टक्के वाचवून काय करता, रात्री कपाटात नसली तर पेशंट हातचा जातो. सापाच्या विषावरच्या इंजेक्शनचं तसंच, एकाच माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल (बाटल्या) लागतात आणि एका आठवड्यात तीन जण येतात, मग उन्हाळ्यात दोन-दोन महिने एकही नाही. अशा मालाचा सरासरी काढून वर्षाचा ऑर्डर देता येत नाही. जास्त घेतला तर एक्स्पायर होतो, आणि एक्स्पायर झालेलं औषध पिवळ्या पिशवीत टाकून त्याच्या विल्हेवाटीचेही पैसे द्यावे लागतात. स्टॉकिस्ट एक्स्पायरीच्या दोन-तीन महिने आधी सांगितलं तर बदलून देतो. साईटचा माल एकदा आला की आपल्या बोकांडी. त्यातून स्वस्तात मिळालेल्या मालाची तारीख पाहा, बहुतेक वेळा चार-सहा महिनेच उरलेले असतात, म्हणूनच तो स्वस्त असतो.

ज्याला खरंच होलसेल कसं करतात ते पाहायचं आहे त्यानं तामिळनाडूकडे पाहावं. १९९४ मध्ये त्यांनी राज्याचं एक महामंडळ काढलं, अख्ख्या राज्याच्या सरकारी दवाखान्यांची खरेदी एका जागेवरून, जिल्ह्याजिल्ह्यात गोडाऊन, दवाखान्याला बँकेसारखं पासबुक, आणि प्रत्येक बॅच लॅबमधून पास होईपर्यंत गोडाऊनच्या बाहेर जात नाही. भाव पडले ते एवढ्या मोठ्या ऑर्डरमुळे आणि नियमित पैसे दिल्यामुळे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे हे काम दिलं, माल वेळेवर येईना म्हणून बोंबाबोंब झाली, मग २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं. म्हणजे एकत्र घ्यायची कल्पना वाईट नाही, पण तीस खाटांच्या दवाखान्यानं मोबाईलवर कार्ट भरणं म्हणजे ती कल्पना नव्हे.

राहिलं कमिशन. आहे. नाही म्हटलं तर लोकं हसतील. पण ते रेटमध्ये नसतं, स्कीममध्ये असतं. दहावर दोन फ्री, पन्नासवर पंधरा फ्री, आणि फ्रीचा माल बिलात दाखवला तर स्टोअरला जमा होतो, नाही दाखवला तर कोणाच्या तरी घरी जातो. दुसरी जागा म्हणजे पेशंटला चिठ्ठी देऊन बाहेरून सामान आणायला लावणं, गरज दोन सेटची आणि चिठ्ठी पाचची, उरलेले तीन मागच्या दारानं परत त्याच मेडिकलात. ही चोरी साईटवरून माल मागवून थांबत नाही, कारण ती खरेदीत होतच नाही, वॉर्ड आणि मेडिकलच्या मधात होते.

तर ज्याला खरंच संशय आहे त्यानं फॉरवर्ड करत बसू नये. सरकारी दवाखाना असेल तर दहा रुपयाचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं. एमआरपी विचारू नका, ती पाकिटावरच आहे. मागच्या वर्षात खरेदी कोणत्या रेटनं, बॅच आणि एक्स्पायरी काय, फ्री किती आला, वॉर्डाला किती दिला आणि किती माल एक्स्पायर झाला, एवढं मागा. खाजगीत असाल तर डिस्चार्जच्या वेळी वस्तूवार बिल मागा आणि बेडजवळच्या डस्टबिनमधली रिकामी पाकिटं मोजा.