घराचं रिनोव्हेशन काढलाय? मग एवढं कराच

पहिलं म्हणजे इंजिनिअरला अजिबात विचारू नका, फी उगाच कशाला. मेस्त्री आहे की. किचन आणि हॉलमधली भिंत काढायची म्हटलं की तो बोटानं दोनदा टकटक करतो आणि सांगतो, "मालक, हिच्यावर काय लोड नाही." आमच्या बेळगावात शहापूर-वडगावातल्या कितीतरी जुन्या घरात कॉलम-बीम नसतातच, सगळा भार भिंतीवर, खरं हे भिंतीला माहीत असलं म्हणजे झालं, मेस्त्रीला कशाला पाहिजे?

एस्टिमेट लग्नपत्रिकेच्या मागं लिहून घ्या. आमचं तसंच आहे, पुढं चि. सौ. कां., मागं सिमेंट, वाळू, लेबर आणि तीनदा खोडलेली बेरीज. बिल मागायचं नाही, जीएसटी वाचतोय. पैसे रोख. उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच (दोन वर्षांची मुदत असते) तर पुरावा म्हणून आहेर घेऊन जाता येतंय.

"गणपतीच्या आत पाहिजे" म्हणून रोज मागं लागा. मग क्युरिंगला, म्हणजे सिमेंट पाणी पिऊन घट्ट व्हायला, सात दिवस कोण थांबतंय, पाणी एकदा सकाळी मारलं की बस्स. गच्चीवर पाणी तुंबवून वॉटरप्रूफिंग तपासतात म्हणे, खरं आपल्याकडं जुलैत पाऊस फुकट तपासून देतोय.

आणि भिऊ नका, इन्शुरन्स आहे! होमलोनबरोबर बँकेनं गळ्यात मारलेली ती भारत गृह रक्षा पॉलिसी, १ एप्रिल २०२१ पासून आलेली, कपाटात साडीच्या घडीत असेल बघा. आग, वीज, वादळ, भूकंप, दरड, पाण्याची टाकी फुटणं, सगळं कव्हर. पूर पण, २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त पुढची बारीक अक्षरं वाचू नका, तिथं लिहिलंय की जमीन खचली तर पैसे मिळतील, खरं खचण्याचं कारण खराब काम, खराब माल नाहीतर घरात केलेली तोडफोड असंल तर नाही. म्हणजे आपण जे जे केलंय ते सोडून सगळं. भिंत काढली हे कंपनीला कळवायचं असतंय म्हणे, तेवढं तर मुळीच करू नका.

आमच्या स्लॅबला भेग पडली, क्लेम टाकला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला, मोबाईलची बॅटरी लावून स्लॅबची भेग बघितली, दहाची नोट घडी करून तिच्यात सरकवली, अर्धी आत गेली. मग सहज विचारल्यासारखं, "काम कधी केलंय?" आई चहा घेऊन आली ती कौतुकानं, "मागच्या वर्षीच हो, सगळं नवीन आहे, भिंत पण काढली मधली, किती उजेड येतोय बघा!" त्यानं चहा पिला, लिहून घेतलं, चांगला माणूस होता. क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र इंग्लिशमध्ये आलं, ते कळायला आणखी दोन दिवस.

विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल बेंगळुरूला आहे, फी नाही, वकील लागत नाही, नामंजुरीपासून वर्षाच्या आत जाता येतंय. खरं तिथं पण पहिला प्रश्न भिंतीचाच.

परवा मेस्त्रीचा फोन आला, म्हणाला गच्चीवर पत्रे मारून देतो, गळती कायमची बंद. किती म्हणून विचारलं तर म्हणतोय, "येतो संध्याकाळी, एखादी पत्रिका काढून ठेवा."