न सांगता दारू सुटत नाही

लोकलच्या डब्यात चिकटवलेले ते कागद तुम्हीही पाहिले असतील. ‘न सांगता दारू सोडवा. चहातून द्या, जेवणातून द्या, कळणारही नाही.’ खाली मोबाईल नंबर. लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की गर्दीतली एखादी बाई तो नंबर गुपचूप टिपून घेणार आहे. मला त्या बाईशी बोलायचंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ताई, त्या पुडीत काय आहे ते विकणारा सांगत नाही. डायसल्फिरम नावाचं एक खरं औषध आहे. डॉक्टर ते देतात, पण तपासण्या करून, पेशंटला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीने. कारण ते अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. माणूस दगावूही शकतो. असलं काही कुणाच्या आमटीत कालवायचं नसतं. आणि ज्या दिवशी त्याला हे कळेल, त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही.

आमच्या लालबागच्या घरात हे सगळं होऊन गेलंय. माझ्या दादाला पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. गावी नेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. गळ्यात माळ घालून झाली. माळेने आयुष्यभर सावरलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. पण शरीरच दारूवर चालायला लागलं की प्रश्न नुसत्या मनाच्या निश्चयाचा उरत नाही. दारू मेंदूला गुंगी आणते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं उलटा जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते आणि तो जोर तेवढा शिल्लक राहतो. हात थरथरतात, घामाच्या धारा लागतात. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. दादाला असं झालं तेव्हा चाळीत ‘बाहेरची बाधा’ अशी कुजबुज सुरू झाली होती. वहिनीने कुणाचं न ऐकता टॅक्सी बोलावली आणि त्याला हॉस्पिटलात नेलं. बाधा-बिधा काही नव्हती, दारू तुटल्याने आलेला भ्रम होता आणि तो उपचाराविना जिवावर बेततो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ‘आजपासून बंद’ करू नका. वॉर्डात मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देत हेच काम सुखरूप होतं.

गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, वेगळं. ती सुटताना यातना भयंकर होतात, पण जास्त धोका नंतर असतो. काही आठवडे बंद ठेवलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही आणि पोरगा तेवढाच घेतो. सेंटरमधून नुकत्याच घरी आलेल्या मुलावर म्हणूनच प्रेमाने लक्ष ठेवायचं. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या घरांनी हेही लक्षात घ्यावं की स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं 64 अ हे कलम एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे.

एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 साली प्रसिद्ध झालं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कुठलाही उपचार मिळाला होता. बाकीच्यांच्या घरी काय चालत असेल? शपथा आणि पुड्याच ना?

वहिनीने काय केलं ते सांगते, कारण आमच्या घरात खरं शहाणपण तिचंच. ‘ह्यांना ताप आहे’ असे सुपरवायझरला फोन करणं तिने बंद केलं. गुत्त्यावरची उधारी भरणं बंद केलं. दादा पिऊन आला की वाद घालायचा नाही, ताट झाकून ठेवायचं, जे बोलायचं ते सकाळी तो शुद्धीत असताना. आई म्हणाली, दगडाच्या काळजाची आहे ही. पण ओपीडीच्या रांगेत त्याच्याबरोबर बसायची ती हीच. स्वतःसाठी ती अल-अनॉनच्या मीटिंगला जायला लागली, पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग असते ती. तिथून परतलेली वहिनी आधी मुलांना जवळ घेऊन बसायची.

दादाची एकदा मध्येच स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. नातेवाइकांना आयतंच निमित्त मिळालं, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ मधुमेह्याची साखर वाढली तर आपण डॉक्टरकडे जाऊन औषध बदलून घेतो, उपचार फुकट गेला म्हणत नाही. वहिनीने त्याच रात्री त्याच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मधल्या मित्राला फोन लावला. सकाळी दादा पुन्हा मीटिंगमध्ये होता.

आणि मला सगळ्यात जास्त संताप येतो तो हळदीतल्या आणि गटारीतल्या आग्रहाचा. ‘एकच घे रे, घरचं कार्य आहे.’ सोडलेल्या माणसाला हा आग्रह करणारा काका त्याच्यावर प्रेम करत नाही. यजमानाने आधीच बजावून ठेवलं पाहिजे. पानात वाढायला मटण पुष्कळ असतं.

खासगी सेंटर निवडताना मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मारहाण करून किंवा साखळीने बांधून ‘सुधारतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. साखळीने बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली मानस 14416.

आणि ताई, तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. केसपेपर स्वतःच्या नावाने काढा. घरात काय चाललंय, तुम्हाला झोप लागते का, मुलं घाबरतात का, हे सगळं सांगा. त्याने पाऊल उचलण्याआधीच तुम्हाला मदत मागता येते.