म्हणे लोक बॉसला सोडतात!

नोकरी सोडणाऱ्यांबद्दलचा तो फॉरवर्ड ग्रुपवर परवा परत आला, या महिन्यात तिसऱ्यांदा, हात जोडलेल्या इमोजीसकट. लोक कंपनीला नाही बॉसला सोडतात, पगार वाढवला की थांबतात, सोडणार नाही असा बाँड लिहून घ्या आणि निर्धास्त झोपा, आणि शेवटी कुणावाचून काही अडत नाही. मुंबईत साकीनाक्याला आमचं इलेक्ट्रिकल पॅनलचं वर्कशॉप आहे, नऊ जणांचे चाळीस झालो आणि त्यात हुकमी माणसं गेली, म्हणून बोलतोय.

बॉसला सोडतात? एक फिटर माझ्या तोंडामुळे गेला, मान्य. पण आमच्या पर्चेसच्या मॅडम बदलापूरहून यायच्या, लोकलने घाटकोपर, मग मेट्रोची ती लाइन, आणि त्यांना अंबरनाथ एमआयडीसीत काम मिळालं, यात माझा काय संबंध? सगळ्यात जुना वायरमन गेला त्याचं तर फारच लागलं. तो आधी गिऱ्हाईकाशी थेट बोलायचा, काही चुकलं तर तिथल्या तिथे बदलून द्यायचा. माणसं वाढली तसे फॉर्म आले, सह्या आल्या, मधे सुपरवायझर आला. बॉस तोच होता हो, मीच! त्याचं काम तेवढं त्याचं राहिलं नाही. कंपनी वाढली म्हणूनच तो गेला, आणि वाढवली कोणी तर मी.

पगाराचं म्हणाल तर त्यालाच राजीनाम्यानंतर आठ हजार वाढवून दिले, थांबला पण पाचच महिने, आणि टपरीवर चहा पिता पिता बाकीच्यांना कळलंच, तिघं येऊन विचारतात आम्ही पण राजीनामा टाकू का.

बाँडवाल्यांनी 1872 च्या करार कायद्यातलं कलम 27 वाचावं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही ही अट कोर्टात टिकत नाही. ठरलेल्या मुदतीआधी गेलास तर इतके पैसे भर, हे वेगळं, ते 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये मान्य केलंय, 2 लाखांचा बाँड होता. पण पैसे आले म्हणून माणूस येतो का परत? आणि त्याच ग्रुपवर कोणीतरी ग्रॅच्युइटी अडवून ठेवा म्हणालं, अहो पाच वर्षं झाली असतील तर ती 30 दिवसांत द्यावीच लागते, उशीर केलात तर वर व्याज.

आणि अडतं, चांगलंच अडतं. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकल बाजारात कोण किती दिवसांची उधारी देतो, कोणाचा बसबार, म्हणजे पॅनलमधली धातूची पट्टी, वजनात कमी भरतो, सगळं मॅडमच्या डोक्यात. त्या गेल्यावर पहिला महिना आम्ही नुसता मार खाल्ला. आता कोणी राजीनामा दिला की रुसत नाही, नोटिस पिरियडमध्ये त्याच्याकडून नवीन काम काढून घेतो आणि शेजारी एक पोरगा बसवतो, वही घेऊन. शेवटच्या दिवशी वडापाव नाही, नीट जेवण, हिशोब हातात.

मॅडमचा गुरुवारी फोन आला होता. कोपऱ्यावरच्या त्या दुकानातून माल घेताय असं कळलं, आधी वजन करून घ्या म्हणाल्या.